वरातीमागून घोडे : एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये सैन्य ऐकत नाही तेव्हा

रविवारी रात्री साडेअकराच्या सुमाराला हेडफोनमधून मावसभाऊ ओरडला, "दादा, तुझे नाइट कुठे चाललेत?" मला काय माहीत! मी घरी नव्या शेतांवर माणसं लावत बसलो होतो. कॅमेरा फिरवून पाहिलं तर चोवीसपैकी अकरा नाइट (घोडेस्वार) एका लाकूडतोड्याच्या मागे धावत थेट शत्रूच्या कॅसलखाली पोचले होते. लाकूडतोड्या मजेत आत शिरला, बाहेर पाइकमन (भालेवाले) उभे होतेच. उरलेले तेरा नाइट जिथे सोडले होते तिथे उभे, शेजारी काय चाललंय याची त्यांना खबरच नाही. पुढच्या दोन मिनिटांत ते तेराही गेले, पण निराळ्या कारणाने. ते पुढे सांगतो.

"माझं सैन्य ऐकतच नाही" ही तक्रार हा वस्ती उभारून लढायचा कंप्युटर गेम १९९९ मध्ये आला तेव्हापासून आहे. नोव्हेंबर २०१९ ला डेफिनिटिव्ह एडिशन ही नवी आवृत्ती आली, चित्रं देखणी झाली, आज्ञा वाढल्या, तक्रार तीच राहिली. मीही वर्षानुवर्षं हेच म्हणायचो. नाचता येईना अंगण वाकडं. नंतर स्वतःच्या हरलेल्या लढायांचे रेकॉर्डेड गेम बघायची सवय लावली आणि लक्षात आलं की सैन्य ऐकतं, अगदी शब्दशः ऐकतं. त्याला दोनच गोष्टी ठाऊक असतात : तुमचा शेवटचा क्लिक आणि त्याला दिलेला स्टान्स, म्हणजे शत्रू दिसल्यावर कसं वागायचं याचा कायमचा हुकूम. तुमच्या मनात काय होतं ते त्याला कळत नाही. म्हणून दुरुस्तीची सुरुवात सेटिंग्जमधून करू नका. रेकॉर्डेड गेम उघडा, सैन्य मेलं त्याच्या अर्धा मिनिट मागे जा, वेग कमी करा आणि शेवटची आज्ञा नेमकी काय होती ते शोधा. माझ्या बाबतीत दहापैकी आठ वेळा खालच्यापैकीच एक काहीतरी सापडतं.

मार खातात, पण उलटून मारत नाहीत

नव्या खेळाडूंचं सगळ्यात जास्त सैन्य यात जातं, म्हणून आधी हेच.

मोकळ्या जमिनीवर राइट क्लिक केलं की त्याचा अर्थ एकच : तिथे जा. वाटेत कोणी भाले खुपसो, बाण मारो, डोळे मिटून चालत राहा. आपण शत्रूच्या घोळक्याच्या मधोमध क्लिक करतो आणि आपल्या डोक्यात असतं 'जाऊन लढा'. सैन्याच्या कानावर पडतं 'त्या गवतावर जाऊन उभे राहा'. घाबरून आपण आणखी चार वेळा क्लिक करतो, आणि प्रत्येक क्लिकने लढायला वळलेला शिपाई पुन्हा चालू लागतो. माझे ते तेरा नाइट असेच गेले. मदतीला पाठवायचे म्हणून मी त्यांना कॅसलजवळच्या जमिनीवर क्लिक करून पाठवलं, पोचत नाहीत असं वाटून परत क्लिक केलं, परत केलं. रेकॉर्डिंगमध्ये मोजले तर सात क्लिक. पाइकमनला घोडेस्वारावर २२ चा जादा मार असतो. त्यांच्यासमोर तेरा नाइट पाठ करून रांगेने चालले होते.

यावर उपाय आहे अटॅक मूव्ह. हॉटकीच्या यादीत जाऊन तिला अशी कळ द्या की डाव्या हाताच्या बोटाला न बघता सापडेल. ही आज्ञा दिली की सैन्य चालतं आणि वाटेत शत्रू दिसला की लढतं. पॅट्रोलही साधारण तेच काम करतं आणि जुने खेळाडू अजून त्याच्यावरच जीव टाकतात. पण त्यात एक मेख आहे. पॅट्रोलवरचं सैन्य टोकाला पोचलं की परत फिरतं आणि येरझाऱ्या घालत राहतं. लढाई जिंकून तुम्ही घरी लक्ष द्यायला गेलात की ते तुमच्या नकळत अर्ध्या वाटेवर परत आलेलं असतं. पहारा द्यायचा असेल तर पॅट्रोल, चाल करून जायचं असेल तर अटॅक मूव्ह, असं मी स्वतःपुरतं ठरवून टाकलंय.

याचा एक जुळा भाऊ आहे. गर्दीत एकाच शत्रूवर नेम धरायला जाता आणि क्लिक पडतो त्याच्या मागच्या घरावर. मग वीस नाइट इमानेइतबारे घराच्या भिंती फोडत बसतात आणि पाठीमागून मरतात. चोर सोडून संन्याशाला फाशी. शत्रूच्या वस्तीत घुसल्यावर एकेकाला क्लिक करून मारायच्या फंदात पडू नका. अपवाद फक्त मंक (आपले शिपाई फितवणारा साधू) आणि मॅंगोनेल (दगड फेकणारं यंत्र) यांचा, ते हुडकून मारलेच पाहिजेत.

मिनिमॅपवरचं (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावरचं) राइट क्लिक हीसुद्धा आज्ञाच असते. नुसतं बघायला गेलात आणि बोट चुकलं, तर अख्खी फौज नकाशाच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे निघते. ही चूक गेम संपेपर्यंत लक्षातही येत नाही.

सांगितलं नसताना पळत सुटतात

हा स्टान्सचा मामला. अ‍ॅग्रेसिव्हवर असलेला शिपाई नजरेच्या टप्प्यात जो दिसेल त्याच्या मागे लागतो. डिफेन्सिव्हवरचा थोडा पाठलाग करून जागेवर परततो. स्टँड ग्राउंडवाला जागा सोडत नाही, पण टप्प्यात येईल त्याला मारतो. नो अटॅकवाला हातच उगारत नाही. लाकूडतोड्यामागे धावलेले माझे अकरा जण अ‍ॅग्रेसिव्हवर होते. मग त्यांना दोष कसा देणार?

मी आता असं करतो. लढाईला जाताना अ‍ॅग्रेसिव्ह. मी घरी वळणार असेन तर त्याआधी सगळे डिफेन्सिव्हवर. टेकडीवर किंवा भिंतीमागे तिरंदाज उभे करायचे असतील तर स्टँड ग्राउंड, म्हणजे ते शत्रूच्या मोहात पडून खाली उतरत नाहीत. नो अटॅक मी फार क्वचित वापरतो, लपवून ठेवलेला स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) कोणाच्या तरी मागे धावू नये म्हणून. आणि एकदा ते वापरून परत बदलायला विसरलो, तर अठरा क्रॉसबोवाले (तिरंदाज) हाताची घडी घालून मरताना पाहिलेत. म्हणून पुतळ्यासारखे उभे राहून मार खाणारे शिपाई दिसले की पहिली शंका हीच घ्या. स्टान्सची बटणं पडद्याच्या खालच्या पट्टीत असतात, कोणतं दाबलेलं आहे ते एका नजरेत कळतं.

एकत्र निघाले, पण एकेक करून पोचतात

यावर मी सगळ्यात जास्त सामने हरलोय, आणि यात गेमचा हिशोब समजून घेतल्याशिवाय सुटका नाही.

दर सेकंदाला किती चौकटी चालतो हा प्रत्येक युनिटचा वेग ठरलेला आहे. नाइट १.३५, क्रॉसबोवाला ०.९६, साधा बॅटरिंग रॅम (दारं-भिंती फोडणारा गाडा) ०.५. समजा शत्रूची भिंत ४० चौकटी दूर आहे आणि तिघांना एकदम 'भिंतीवर हल्ला करा' म्हणून धाडलंत. नाइट पोचायला साधारण ३० सेकंद लागतील, क्रॉसबोला ४२, रॅमला ८०. हे गेमचे सेकंद. डेफिनिटिव्ह एडिशनचा नेहमीचा वेग १.७ पट आहे, म्हणजे घड्याळात रॅम ४७ सेकंदांनी पोचतो आणि नाइट सतराव्या-अठराव्या सेकंदालाच भिंतीशी. क्रॉसबोवाले त्यानंतर सात-आठ सेकंदांनी येतात, पण रॅम येईपर्यंतचा अर्धा मिनिट पुढे नाइटच. भाले, बाण, कॅसल, सगळा मार त्यांच्या अंगावर. रॅम येतो तेव्हा लढाई संपलेली असते. वरातीमागून घोडे म्हणतात ना, इथे घोडे पुढे आणि वरात मागे, एवढाच काय तो फरक.

आता गंमत अशी की हल्ल्याऐवजी नुसतं 'चला' सांगितलं तर असं होत नाही. एकत्र निवडलेल्या सैन्याला चालायची आज्ञा दिली की ते फॉर्मेशन बांधतं आणि सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या वेगाने निघतं. लाइन फॉर्मेशनमध्ये जवळून लढणारे पुढे आणि तिरंदाज मागे अशी रांगही आपोआप लागते. थेट शत्रूवर क्लिक केलं की ती रांग मोडते आणि जो तो आपल्या चालीने धावतो. म्हणून दोन टप्पे करायचे : शत्रूच्या नजरेबाहेर दहा-बारा चौकटी अलीकडे एक जागा ठरवून तिथपर्यंत चालत जायचं, तिथे सगळे गोळा होऊ द्यायचे, मग अटॅक मूव्ह. थांबायचं आहे हे पटतं सगळ्यांना, थांबत कोणी नाही. मीही नाही थांबायचो. मावसभाऊ म्हणतो, "दादा, तुला बस सुटल्यासारखं काय होतं रे?"

फॉर्मेशनचा त्रास उलट्या बाजूनेही होतो. माघार घ्यायला अचानक मागे क्लिक केलंत की रांग तोंड फिरवते, पुढचे मागे आणि मागचे पुढे व्हायला लागतात, एकमेकांत अडकतात, आणि तेवढ्यात पाच-सहा जण जातात. तिरंदाजांच्या घोळक्यात हे फार दिसतं. अशा वेळी एकदम उलट दिशेला न वळता तिरकं निघा.

सावकाश युनिट वेगळी ठेवा हे ओघाने आलंच. ट्रेबुशे (लांबून दगड फेकणारं मोठं यंत्र) आणि नाइट एका ग्रुपमध्ये घातले की नाइटही ट्रेबुशेच्या चालीने रखडतात. रॅममध्ये पायदळ बसवलं तर रॅमचा वेग वाढतो आणि पायदळही बाणांपासून वाचतं, हे अजून कितीतरी जणांना माहीत नाही. २०२२ च्या डायनॅस्टीज ऑफ इंडिया या पुरवणी भागानंतर हिंदुस्थानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड यांच्याकडे रॅमच्या जागी चिलखती हत्ती आला. आपल्याकडची निम्मी मंडळी हौसेने हेच पक्ष घेतात, आणि मग हत्ती मागे, उंट पुढे, अशी मिरवणूक निघते. दोन ग्रुप करा, हत्तींना आधी सोडा.

वाटेत तुटक तुटक जाणारे आणखी एक असतात : नवे शिपाई. बॅरॅक्सचा गॅदर पॉइंट (नवे शिपाई बाहेर पडून जिथे जाऊन थांबतात ती जागा) तुम्ही उत्साहाच्या भरात थेट आघाडीवर लावलेला असतो. आघाडी मागे सरकते, गॅदर पॉइंट तिथेच राहतो. पुढची दहा मिनिटं तुमचे शिपाई एकेकटे शत्रूच्या दारात जाऊन मरतात आणि तुम्ही म्हणता, "एवढी माणसं काढतोय, जातात कुठे?" गॅदर पॉइंट स्वतःच्या भिंतीच्या आत लावा आणि तिथून दहा-पंधराची तुकडी करून न्या.

आकडा दाबला की भलतेच निवडले जातात

कंट्रोल धरून आकडा दाबला की ग्रुप बनतो, नुसता आकडा दाबला की निवडला जातो, दोनदा पटकन दाबला की कॅमेरा तिथे जातो. एवढ्यात काय चुकणार? चुकतं असं : नवे शिपाई आपोआप ग्रुपमध्ये येत नाहीत. तुम्ही विसाचा ग्रुप केला, बारा मेले, मागून पंधरा आले. आता १ दाबल्यावर आठच हलतात आणि उरलेले उभे. हेच ते 'अर्धं सैन्य ऐकत नाही'. प्रत्येक चकमकीनंतर ग्रुप निवडा, शिफ्ट धरून नव्यांवर चौकट ओढा, पुन्हा कंट्रोल आणि तोच आकडा. दोन सेकंदांचं काम. एकाच जातीचे सगळे हवे असतील तर एकावर डबल क्लिक केलं की पडद्यावरचे सगळे निवडले जातात. रिकाम्या बसलेल्या सैनिकांना शोधायची वेगळी हॉटकी आहे, जुन्या मांडणीत ती स्वल्पविरामाची कळ होती. रिकामे बसलेले कामकरी शोधायची पूर्णविरामाची कळ सगळे वापरतात, तिच्या शेजारची कोणी बघत नाही. दर दोन मिनिटांनी ती दाबून पाहा, कुठल्या कुठल्या झाडामागे तुमचे शिपाई सापडतील.

मोठी फौज निवडताना एक गोष्ट लक्षात असू द्या : एका वेळी साठच युनिट निवडता येतात. त्याहून जास्त असतील तर चौकट कितीही मोठी ओढा, काहीजण बाहेर राहणारच.

एका दगडात अर्धे तिरंदाज साफ

क्रॉसबोवाल्याचे हिटपॉइंट (किती मार सोसतो तो आकडा) ३५, मॅंगोनेलचा मार ४०. चिलखताचे दोन थर चढवले तरी मार ३८ उरतो. नेमका दगड बसला की तो मेलाच. आणि क्रॉसबोवाले दाटीवाटीने उभे असतात, त्यामुळे एका दगडात सातआठ जातात. इथे सैन्य ऐकत नसतं असं नाही, तुम्ही उशिरा सांगता. दगड हवेत दिसला की बाजूला व्हायचं, आणि ते माउसने करायला वेळ नसतो. माझा भरवसा फ्लँक फॉर्मेशनवर. त्याची कळ दाबून बाजूला क्लिक केलं की घोळका दोन भागांत फुटतो आणि दगड मधल्या रिकाम्या जागेत पडतो. मग लगेच पुढे धावून मॅंगोनेलला गाठा. ३ चौकटींच्या आत त्याला मारताच येत नाही आणि पुढचा दगड सुटायला ६ सेकंद लागतात.

स्वतःचा मॅंगोनेल असेल तर लक्षात ठेवा, त्याचा दगड आपला-परका बघत नाही. तुमचे नाइट शत्रूच्या तिरंदाजांत घुसले आणि मॅंगोनेल तिथेच मारत राहिला, की तुम्हाला वाटतं नाइट इतक्या लवकर कसे गेले. घोडे घुसवायच्या आधी त्याला थांबवा किंवा नो अटॅक द्या. स्कॉर्पियनची (मोठे बाण सोडणाऱ्या यंत्राची) ही भानगड नाही, त्याचा बाण आपल्या माणसांना लागत नाही.

तिरंदाज मागे हटतात, पण बाणच सोडत नाहीत

मारा-पळा-मारा जमवताना हाताला घाई होते. तिरंदाजाचा एक बाण सुटल्यावर दुसरा सुटायला २ सेकंद लागतात, म्हणजे घड्याळात जेमतेम १.२. आणि हात उचलल्यापासून बाण सुटेपर्यंतही थोडा वेळ जातो. त्या आधीच तुम्ही 'पळा' म्हणालात तर बाण सुटतच नाही. बाण सुटलेला डोळ्यांनी बघा, मग मागे क्लिक करा. हे वाचून येत नाही. सिनॅरिओ एडिटरमध्ये वीस क्रॉसबो आणि दहा नाइट समोरासमोर ठेवा आणि अर्धा तास घाला. गेममध्येच आर्ट ऑफ वॉर नावाची सरावाची आव्हानं आहेत, तीही चांगली आहेत.

आणि पळणाऱ्या शत्रूवर सोडलेले बाण सारखे मागे पडत असतील तर तो नेमाचा दोष नाही, तुम्ही गेममधल्या युनिव्हर्सिटीत बॅलिस्टिक्स (पळत्या शत्रूवर नेम धरायची विद्या) घेतलेलं नाही. ३०० लाकूड, १७५ सोनं. तिरंदाजांवर भिस्त असेल तर हे आधी घ्या.

दारात अडकतात, भलत्या वाटेने जातात

चाळीस जणांना एका दारातून बाहेर काढलं की पहिले पाच बाहेर, बाकी आत ढकलाढकली. दाराबाहेर शत्रू असेल तर ते पाच मेलेच. आत रांग लावा, तुकड्या करून बाहेर काढा. सैन्य भलताच वळसा घालत असेल तर मधली वाट खरोखर बंद आहे का ते बघा. बहुतेक वेळा मित्रपक्षाने मध्येच कुंपण घातलेलं असतं, किंवा तुम्हीच मघाशी दार कुलूप लावून बंद केलेलं असतं. लांबच्या चालीसाठी शिफ्ट धरून वाटेतले तीन-चार थांबे क्लिक करा, मग वाट सैन्य ठरवत नाही, तुम्ही ठरवता.

सगळं बरोबर करूनही उशिरा हलतात

मग प्रश्न जोडणीचा. इथे थोडं मागे जावं लागेल. १९९७ चा पहिला भाग बनवताना बनवणाऱ्यांना २८.८ किलोबिटच्या संथ मोडेमवर आठ जण खेळवायचे होते. शेकडो युनिटची माहिती त्या तारेतून जाणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी फक्त आज्ञा पाठवल्या, लढाई प्रत्येकाच्या संगणकावर वेगवेगळी पण तंतोतंत सारखी चालायची. तुमची आज्ञा लगेच अमलात न येता दोन फेऱ्यांनंतर यायची, एक फेरी साधारण २०० मिलिसेकंदांची. त्यांच्या पाहण्यात आलं की पाव सेकंदाचा उशीर खेळाडूंच्या लक्षातही येत नाही, अर्ध्या सेकंदापर्यंत खेळता येतं. उशीर मात्र सारखा हवा. कमी-जास्त होणारा उशीर माणसाला वेड लावतो. यातला 'सगळ्यांनी एकाच पावलाने चालायचं' हा भाग या मालिकेत पुढेही टिकला, त्यामुळे एखाद्याचा संगणक दमला की सगळ्यांचा खेळ रखडतो.

म्हणून आधी निदान करा. सगळा गेमच सगळ्यांसाठी अडखळतोय का? मग कोणाचा तरी लॅपटॉप धापा टाकतोय, त्याला ग्राफिक्स कमी करायला सांगा आणि मागे चालू असलेले बाकीचे प्रोग्राम बंद करायला लावा. गेम गुळगुळीत चाललाय, पण फक्त तुमचे शिपाई क्षणभर उशिरा हलतात का? मग तुमची जोडणी. वायफाय सोडा, केबल लावा. आमच्याकडे राउटर हॉलमध्ये आणि मी आतल्या खोलीत, मधे दोन भिंती. बारा मीटरची केबल दाराच्या चौकटीवरून नेली तेव्हा आई म्हणाली, "आता याच्यावर कपडे वाळत घालू का?" पण उशिराचा चढ-उतार त्याच रात्री गेला.

त्या केबलवरच परवाचा सामना झाला. नाइट डिफेन्सिव्हवर, दोन ग्रुप, ठरलेल्या झाडाजवळ थांबलो, सगळे गोळा झाले, अटॅक मूव्ह दिला. मावसभाऊ म्हणाला, "आज शिस्तीत दिसतोयस." आम्ही हरलो. पण या वेळी घरी सोनं संपलं म्हणून.